फितीवर उरलेला आवाज

इंग्लंडमधील 'न्यू ऑर्डर' या रॉक वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९८१ च्या सुरुवातीला बाजारात आली. तिच्यावर 'सेरेमनी' आणि 'इन अ लोनली प्लेस' अशी दोन गाणी होती. ही गाणी ज्याने लिहिली आणि प्रथम गायली, तो इयान कर्टिस तेव्हा हयात नव्हता. सोबत्यांच्या हाती काही ध्वनिफिती होत्या. पण त्यांत कर्टिसचा आवाज वाद्यांच्या कल्लोळात इतका दबलेला होता की शब्द नीट लागत नव्हते. शेवटी 'ग्राफिक इक्वलायझर' नावाच्या उपकरणातून फीत वाजवून आपण ते शब्द जमतील तसे टिपले, असे गिटारवादक बर्नार्ड समनर याने पुढे सांगितले.

गोंगाटात बुडालेला आवाज असा बाहेर कसा काढता येतो? तो किती खरा असतो? आणि तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या फितीतून गाणे पुन्हा ऐकू येते, ते कशाच्या जोरावर? या एका उदाहरणाच्या आधाराने चुंबकत्व, तरंग, रसायन आणि श्रवण अशा चार विषयांची उजळणी करता येईल.

वाद्यवृंद आणि त्याच्या फिती

१९७६ साली इंग्लंडमध्ये 'पंक' संगीताची लाट आली. तीन-चार स्वरमेळ, कर्कश गिटार आणि उघड राग, असे तिचे रूप. त्या वर्षी ४ जून रोजी मँचेस्टरमध्ये 'सेक्स पिस्टल्स' या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. श्रोते थोडेच होते. त्यांत समनर आणि पीटर हुक हे दोन तरुणही होते. त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. पुढे त्याला 'जॉय डिव्हिजन' हे नाव मिळाले. कर्टिस गायक, समनर गिटारवर, हुक बेस गिटारवर आणि स्टीफन मॉरिस ड्रमवर. पंकचा राग ओसरल्यावर जे अधिक संथ, गंभीर आणि प्रयोगशील संगीत आले, त्याला 'पोस्ट-पंक' म्हणतात. हा वाद्यवृंद त्यातला अग्रणी मानला जातो.

मे १९७८ मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या ॲरो स्टुडिओत एक पूर्ण संच ध्वनिमुद्रित केला. पण त्यात घातलेले सिंथेसायझरचे सूर त्यांना रुचले नाहीत आणि संच बासनात गेला. त्याच्या चोरट्या प्रती मात्र रसिकांच्या हाती फिरत राहिल्या. रीतसर विक्रीसाठी तो १९९४ साली 'वॉर्सा' या नावाने आला. 'अननोन प्लेझर्स' हा त्यांचा पहिला प्रकाशित संच १९७९ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्‌सने काढला. त्याचा निर्माता मार्टिन हॅनेट रसायनशास्त्र शिकलेला होता.

कर्टिसला अपस्माराचा त्रास होता आणि तो खोल नैराश्यात होता. १८ मे १९८०, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, त्याने आत्महत्या केली. तो २३ वर्षांचा होता. मागे राहिली ती शेवटची दोन गाणी. 'सेरेमनी'चे एक मुद्रण २ मे १९८० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात झालेल्या त्यांच्या अखेरच्या कार्यक्रमातले. ते १९८१ च्या 'स्टिल' या संचात आहे. दुसरे १४ मेचे, म्हणजे मृत्यूच्या चार दिवस आधीचे, कच्चे मुद्रण. ते १९९७ च्या 'हार्ट अँड सोल' या संचात प्रथम प्रसिद्ध झाले. त्याच वेळच्या 'इन अ लोनली प्लेस'चा केवळ काही भाग तेव्हा देता आला. ते गाणे पूर्ण स्वरूपात लोकांपुढे आले २०११ साली, म्हणजे मुद्रणानंतर ३१ वर्षांनी.

फितीवर काय लिहिलेले असते?

ध्वनिफीत म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. तिच्या एका बाजूला लोहाच्या ऑक्साइडचे सुईसारखे बारीक कण एका बहुवारिकाच्या लेपात बसवलेले असतात. प्रत्येक कण म्हणजे इवलासा लोहचुंबक. मायक्रोफोनमधून आलेला विद्युतप्रवाह मुद्रकशीर्षाच्या वेटोळ्यातून जातो आणि शीर्षाच्या अरुंद फटीपाशी कमी-जास्त होणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. फटीसमोरून फीत सरकत असते. त्या क्षणी क्षेत्र जसे असेल तसे कण चुंबकित होतात आणि पुढे सरकतात. फीत वाजवताना याच्या उलट घडते. चुंबकित पट्टी शीर्षासमोरून गेली की वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. दहावीच्या पुस्तकातले फॅरडेचे विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

या तत्त्वाने पहिले यंत्र केले डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेन याने, १८९८ साली. त्यात फितीऐवजी पोलादी तार होती. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्या तारेवर मुद्रित झालेला ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा आवाज आजही ऐकता येतो. लेप दिलेल्या फितीचे यंत्र जर्मनीत १९३५ मध्ये लोकांपुढे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते तंत्र अमेरिकेत पोहोचले आणि तेथून जगभर पसरले.

आता एक सोपे गणित करू. फितीवर एका कंपनाला जेवढी लांबी मिळते, तिला मुद्रित तरंगलांबी म्हणतात. फितीचा वेग भागिले वारंवारता, की ती मिळते. स्टुडिओतल्या मोठ्या यंत्रात फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावते. १०,००० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी तेथे ३८ मायक्रोमीटर भरते. घरगुती कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणून तोच स्वर तेथे ४.७६ मायक्रोमीटरमध्ये कोंबावा लागतो.

याचा परिणाम मोठा आहे. शीर्ष आणि फीत यांच्यामध्ये धुळीमुळे अंतर पडले की आवाज घटतो. ही घट डेसिबलमध्ये सुमारे ५५ गुणिले अंतर भागिले तरंगलांबी इतकी असते. फक्त १ मायक्रोमीटर अंतर पडले असे समजा. स्टुडिओच्या फितीवर १०,००० हर्ट्‌झच्या स्वरात १.४ डेसिबल घट होईल; ती कानाला जेमतेम जाणवेल. कॅसेटवर मात्र घट ११.५ डेसिबल होईल, म्हणजे स्वराचा आयाम जवळजवळ पाव होईल. घरातली जुनी कॅसेट 'बोदी' का वाजते, याचे एक उत्तर या भागाकारात आहे. पुष्कळदा आवाज फितीवर शाबूत असतो आणि दोष शीर्षावरच्या धुळीचा असतो. कोणत्याही सापडलेल्या मुद्रणाच्या बाबतीत हे प्रथम तपासतात.

फीत चिकट होते तेव्हा

धूळ पुसता येते. लेपच बिघडला तर?

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे स्टुडिओंत वापरलेल्या काही जातींच्या फिती दहा-पंधरा वर्षांत चिकट होऊ लागल्या. यंत्रावर लावल्या की त्या किंचाळत, अडकत आणि शीर्षावर तपकिरी राड ठेवून जात. ती राड म्हणजे खुद्द लेपच. त्याबरोबर मुद्रणही निघून जाई. याचे कारण रासायनिक आहे. कणांना धरून ठेवणारे बहुवारिक पॉलिएस्टर-युरेथेनचे असते. त्यातले एस्टर बंध हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया करून तुटतात आणि आम्ल व अल्कोहोल तयार होतात. एस्टरचे हे जलीय अपघटन बारावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तयार झालेले आम्ल पुढच्या अपघटनाला गती देते. म्हणून दमट जागी ठेवलेली फीत आधी हळूहळू आणि मग झपाट्याने बिघडते.

यावरचा उपाय ऐकून विद्यार्थी चकित होतील : फीत भाजायची! सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या, तापमान काटेकोर राखणाऱ्या भट्टीत फीत आठ तास किंवा त्याहून अधिक काळ ठेवतात. लेपातले बाष्प निघून जाते, चिकटपणा कमी होतो आणि फीत काही आठवडे वाजवण्याजोगी होते. ॲम्पेक्स या फिती बनवणाऱ्या कंपनीला या पद्धतीचे पेटंट १९९३ साली मिळाले. हा इलाज कायमचा नाही. मिळालेल्या मुदतीत फीत वाजवून तिची प्रत करून घ्यायची असते.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, की तापवल्याने चुंबकत्व जात नाही का? जाते, पण त्यासाठी पदार्थ त्याच्या क्युरी तापमानापर्यंत न्यावा लागतो. फितीतल्या लोह-ऑक्साइडसाठी ते काही शे अंश सेल्सिअस आहे. ५५ अंशांना कण जागचे हलत नाहीत. धोका आहे तो प्लॅस्टिकला. म्हणून घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग मुळीच करू नये. जुन्या ॲसिटेटच्या फिती तर भाजल्याने खराबच होतात.

आणखी एक गंमत. रिळावर फितीचे वेढे एकमेकांना चिकटून असतात. वर्षानुवर्षे तसेच राहिल्यावर एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटते. मग गाणे सुरू होण्याआधी क्षणभर त्याची पुसट चाहूल ऐकू येते. ती झाकली जावी म्हणून अनेक संग्रहांत फीत उलटी, म्हणजे शेवट बाहेर ठेवून, गुंडाळून ठेवतात. तसे केले की ठळक उमट मूळ आवाजानंतर येते आणि प्रतिध्वनीसारखी वाटून खपून जाते.

दबलेला आवाज वर काढणे

फीत वाजू लागली. पण गायकाचा आवाज मुळातच दबलेला असेल तर?

आपल्या आवाजात अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात. पुरुषाच्या आवाजाचा मूलस्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्‌झ असतो. पण शब्द कळण्यासाठी त्याहून वरचे घटक महत्त्वाचे असतात. 'आ' आणि 'ई' यांतला फरक मुख्यतः ३०० ते ३,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो. 'स', 'श' यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा त्याहूनही वर असते. दूरध्वनीवर जुन्या काळापासून ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पाठवत आले. तरी बोलणे कळते, मात्र 'स' की 'फ' असा घोटाळा होतो.

ग्राफिक इक्वलायझर हा ध्वनीचे असे पट्टे पाडतो. साध्या उपकरणात दहा पट्टे असतात : ३१, ६२, १२५, २५० असे दुप्पट होत १६,००० हर्ट्‌झपर्यंत. प्रत्येक पट्ट्याला एक सरकती कळ असते. ती खाली ओढली की तो पट्टा दबतो, वर सरकवली की उठतो. ड्रमची धडधड खालच्या पट्ट्यांत, झांजांची सळसळ वरच्या पट्ट्यांत. ही दोन टोके दाबून मधला भाग वर उचलला की माणसाचा आवाज पुढे येतो.

पण या युक्तीला मर्यादा आहे. एकाच पट्ट्यात आवाज आणि वाद्य दोन्ही असतील, तर कळ दोघांनाही सारखेच उचलते. बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्‌झला वाजते. ती तिथेच राहिली असती तर अडचण कमी होती. पण पीटर हुकची ख्याती हीच, की तो बेसवर उंच स्वरांत धून वाजवी. त्यात समनरची गिटार ऐन मधल्या पट्ट्यात. त्यामुळे इक्वलायझरने आवाज पुढे आला, मोकळा झाला नाही.

'अननोन प्लेझर्स'च्या वेष्टनावर एका पल्सारच्या स्पंदांचा आलेख आहे. सीपी १९१९ हा पल्सार जोसेलिन बेल यांनी १९६७ मध्ये शोधला. त्याचे स्पंद दर १.३३७ सेकंदांनी येतात. आलेखातली प्रत्येक रेघ म्हणजे एकेक स्पंद. हे स्पंदही गोंगाटात बुडालेले असतात. पण पल्सार तेच तेच पुन्हा सांगतो. शंभर स्पंद एकावर एक रचून सरासरी काढली की गोंगाट १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे दहा पटींनी घटतो. गायकाच्या बाबतीत ही सोय नाही. त्याने ती ओळ त्या सुरात, त्या श्वासात एकदाच म्हटलेली असते. दुसऱ्या दिवशी ती वेगळी होते. शेवटच्या दोन मुद्रणांची सरासरी काढता येत नाही.

कान आणि अपेक्षा

येथे एक सूक्ष्म धोका आहे. १९७० साली अमेरिकेत रिचर्ड वॉरन या संशोधकाने एक प्रयोग केला. एका मुद्रित वाक्यातील एक ध्वनी कापून त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांना शब्द पुरा ऐकू आला! कोणता ध्वनी गाळला आहे, हे त्यांना सांगता आले नाही. जिथे ध्वनी नसतो तिथे आपला मेंदू संदर्भावरून तो भरून काढतो, आणि भरून काढल्याची जाणीवही होऊ देत नाही.

रोजच्या बोलण्यात ही देणगी आहे. गर्दीच्या बसमध्ये आपण तिच्या आधारेच गप्पा मारतो. पण मृत व्यक्तीचे शब्द टिपताना तीच फसवू शकते. एकदा कोणी 'इथे अमुक शब्द आहे' असे सांगितले, की पुढच्या वेळी तोच ऐकू येतो. म्हणून ध्वनिसंग्रहात एकाच फितीवरचे शब्द दोघा-तिघांनी परस्परांना न विचारता टिपावेत आणि मग ताडून पाहावेत, हे उत्तम. जेथे एकमत होत नाही तेथे जागा रिकामी सोडणे अधिक प्रामाणिक. 'सेरेमनी' तबकडीवर गायली गेली ती सोबत्यांना लागलेल्या शब्दांनिशी. कर्टिसच्या ओठांवर नेमके काय होते, याची साक्ष देणारी वस्तू एकच : ती फीत.

गेल्या काही वर्षांत संगणकाने आणखी पुढचा पल्ला गाठला आहे. असंख्य नमुन्यांवरून शिकलेली प्रणाली एकाच पट्ट्यात मिसळलेले आवाज आणि वाद्ये वेगळी करू शकते. बीटल्सचे 'नाऊ अँड देन' हे गाणे २०२३ मध्ये आले ते असेच. जॉन लेननने घरी कॅसेटवर म्हटलेल्या गाण्यातला आवाज पियानोपासून सोडवून घेतला गेला. इक्वलायझर फक्त असलेले घटक कमी-जास्त करतो; ही प्रणाली मात्र शिकलेल्या नमुन्यांवरून अंदाज बांधते. अंदाज कितीही चांगला असला तरी तो अंदाजच. म्हणून मूळ फितीची, कोणताही संस्कार न केलेली प्रत आधी करायची आणि सफाई नेहमी दुसऱ्या प्रतीवर करायची, हा संग्रहपालांचा पहिला नियम आहे.

अशी प्रत करताना सहसा सेकंदाला ९६,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २४ बिट घेतात. दोन मार्गांच्या एका तासाच्या ध्वनीला किती जागा लागेल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर सुमारे २ गिगाबाइट येते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. 'काल, गाल, चाल, ताल, बाल, माल, शाल, साल' हे शब्द उलटसुलट क्रमाने मोबाइलवर मुद्रित करा. 'ऑडॅसिटी' या मोफत संगणक-प्रणालीत १,००० हर्ट्‌झच्या वरचा भाग कापून मुलांना ऐकवा आणि कागदावर लिहायला सांगा. 'आ' आणि 'ल' सर्वांना कळतील. पहिल्या अक्षरावर मतभेद होतील. कोणती अक्षरे अधिक चुकतात, याचा तक्ता करा.

२. एका गोष्टीतले वाक्य घेऊन त्यातील एका अक्षराच्या जागी टाळी बसवा. नंतर त्या जागी नुसती शांतता ठेवा. कोणत्या वेळी वाक्य अधिक सलग वाटते? बहुधा टाळीच्या वेळी. का, यावर चर्चा करा.

३. टाकाऊ कॅसेटवर काही मुद्रित करून फितीच्या छोट्या भागावरून लोहचुंबक फिरवा आणि पुन्हा वाजवा. नको असलेलीच कॅसेट घ्यावी, हे सांगायला नकोच.

आपल्या घरातल्या फिती

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने फितींसाठी २०२५ हे वर्ष धोक्याची मर्यादा म्हणून पुढे केले होते. युनेस्कोनेही २०१९ मध्ये याबाबत जगाला सावध करणारा प्रकल्प हाती घेतला. चिंता केवळ फितींची नव्हती. फीत वाजवणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात, हे तिन्ही दुर्मिळ झाले आहेत.

आपल्याकडेही घरोघरी कॅसेटी पडून आहेत. कोणाकडे आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कोणाकडे गावच्या भजनी मंडळाचा सप्ताह, कोणाकडे शाळेच्या स्नेहसंमेलनातली नाट्यछटा. या गोष्टींची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. स्टुडिओच्या फितींसारख्या त्या सहसा चिकट होत नाहीत. त्यांत आढळतात ते निसटलेला दाबपट्टा, तुटलेली टोके आणि दमट हवेत धरलेली बुरशी. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नये, जाणकाराला दाखवावी. एरवी कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही चिमुकले कान मोडावेत, म्हणजे चुकून वर काही मुद्रित होणार नाही. शीर्ष शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि वाळू द्यावे. फीत एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळून मग एका दमात वाजवून संगणकावर घ्यावी. त्या प्रतीला हात न लावता ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. आवाज कोणाचा, गाव कोणते, वर्ष कोणते, हे माहीत असलेली माणसे आहेत तोवर त्यांना विचारून लिहून ठेवावे. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना हा एक चांगला सुट्टीचा प्रकल्प होईल.